बॅटरीचं वय कोणी वाचायचं?

लॅपटॉपची बॅटरी पाच वर्षं वापरून झालेली असो की कालच खोक्यातून काढलेली, पूर्ण चार्ज झाल्यावर पडद्याच्या कोपऱ्यात आकडा एकच दिसतो: १०० टक्के. नवी असताना ती सहा तास चालत असेल, आता दोन तासांत मान टाकत असेल, तरी या आकड्यात फरक पडत नाही. कारण हा टक्का बॅटरीच्या मूळ क्षमतेचा नसतो. आज तिच्यात जेवढी क्षमता उरली आहे तिचा असतो. बॅटरी म्हातारी होते तशी मोजपट्टीही तिच्याबरोबर आखडत जाते आणि पडद्याकडे बघणाऱ्याला त्याचा पत्ता लागत नाही. हे असंच व्हायला हवं होतं, असा काही निसर्गनियम नाही. १९९० च्या दशकाच्या मध्यावर लॅपटॉपच्या बॅटरीने स्वतःबद्दल काय काय सांगावं हे कागदावर ठरलं, तेव्हा दोन्ही प्रकारचे टक्के सांगण्याची सोय केलेली होती. त्यातला एक पडद्यावर आला, दुसरा आतच राहिला. बॅटरी खरंच गेली आहे का आणि ती बदलायची कधी, याचं उत्तर आज बहुतेकांना दुकानदाराच्या तोंडून ऐकावं लागतं, त्याला ही निवड बऱ्याच अंशी कारणीभूत आहे. माझं म्हणणं असं की बॅटरीची तब्येत तपासण्याची साधनं पूर्वीपेक्षा आज कितीतरी सुधारली आहेत, पण ती सुधारत असतानाच मालकाच्या हातून निसटत गेली. बॅटरी बदलण्याचा निर्णय डोळसपणे घ्यायचा तर आधी ती पुन्हा हातात घ्यायला हवीत.

ही साधनं एके काळी किती उघड होती, हे शिसे-आम्ल बॅटरीच्या इतिहासात दिसतं. फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ गॅस्टन प्लांटे याने १८५९ मध्ये पुन्हा पुन्हा चार्ज करता येणारी पहिली बॅटरी बनवली आणि १८८१ मध्ये कामिल फोर याने शिशाच्या पत्र्यांवर लेप चढवण्याची युक्ती काढून ती कारखान्यात बनवण्याजोगी केली. या बॅटरीत गंधकाम्ल नुसतं माध्यम म्हणून नसतं, ते अभिक्रियेत प्रत्यक्ष भाग घेतं. बॅटरी उतरते तसं आम्ल प्लेटांमध्ये मुरत जातं आणि उरलेलं पाणीदार होतं. म्हणजे आम्लाची घनता मोजली की बॅटरीत किती वीज शिल्लक आहे ते कळतं. त्यासाठी लागणारं हायड्रोमीटर हे साधन अगदी साधं आहे: काचेची एक नळी, वर रबरी फुगा, आत अंक छापलेला एक तरंगता काचेचा काटा. झाकण उघडायचं, फुगा दाबून नळी आत सोडायची, आम्ल वर ओढायचं आणि काटा कुठे तरंगतो ते डोळ्यांच्या पातळीवर धरून वाचायचं. १.२७-१.२८ च्या आसपास आलं तर बॅटरी भरलेली, १.१५ च्या खाली गेलं तर जवळजवळ रिकामी. मोटारीच्या १२ व्होल्टच्या बॅटरीला सहा सेल आणि सहा झाकणं असत. ती पूर्ण चार्ज करून सहाही सेलची ‘ग्रॅव्हिटी’ घेतली आणि पाच सेल १.२७ दाखवत असताना एकच १.२१ वर अडकला, तर तोच सेल बसलेला आहे हे गॅरेजमधल्या शिकाऊ पोरालाही समजे. हे नुसतं चार्जचं मोजमाप नव्हतं, आजाराचं निदान होतं. आणि ते गिऱ्हाइकाच्या समोर, त्याला स्वतःला आकडा वाचता येईल असं होतं.

जिथे बॅटरी बंद पडणं परवडण्यासारखं नव्हतं तिथे या मोजमापाला शिस्त आली. टेलिफोन एक्स्चेंजच्या बॅटरीघरात दोन व्होल्टचे चोवीस सेल ओळीने जोडून ४८ व्होल्टचा संच केलेला असे. त्यातला एक सेल नमुन्यादाखल ठरवून त्याची घनता, व्होल्टेज आणि तापमान नियमाने वहीत टिपलं जाई. वीज उपकेंद्रांमध्येही हीच पद्धत होती. पण घनतेवरून क्षमता कळत नाही, हेही त्या लोकांना ठाऊक होतं. आम्ल ठीक असूनही प्लेटांवरचा लेप झडून तळाशी साचलेला असू शकतो. म्हणून ठरावीक काळाने क्षमता-चाचणी घेत: संच पूर्ण भरायचा, त्यावर ठरलेला भार टाकायचा आणि घड्याळ लावून तो किती वेळ टिकतो ते बघायचं. अशा स्थिर शिसे-आम्ल संचांसाठी ‘आयईईई ४५०’ ही अभियंत्यांची मार्गदर्शिका आहे. क्षमता मूळच्या ८० टक्क्यांखाली आली की संच बदलावा, असं ती सांगते. त्यामागे कारण आहे. शिसे-आम्ल संच या टप्प्यानंतर झपाट्याने ढासळतो आणि उपकेंद्राचा संच नेमक्या गरजेच्या वेळी कमी पडला तर परिणाम गंभीर होतात. हा ८० चा आकडा पुढे लॅपटॉपच्या गोष्टीत पुन्हा येणार आहे, म्हणून तो कुठल्या कामासाठी ठरला होता हे ध्यानात ठेवायला हवं.

महाराष्ट्रातल्या घराघरांत हे ज्ञान काही काळ तरी खेळतं होतं. २००० नंतरच्या दशकातल्या भारनियमनाने इन्व्हर्टर दारात आणला. त्याच्या ट्यूब्युलर बॅटरीवरचा तरंगता दांडा बघून डिस्टिल्ड वॉटर कधी ओतायचं हे घरातली माणसं शिकली. बॅटरीवाला येऊन ग्रॅव्हिटी घ्यायचा आणि कुठला सेल उतरला ते दाखवायचा. मात्र त्याआधीच, १९७० च्या दशकापासून, शिसे-आम्ल बॅटरी झाकणाविनाही येऊ लागली होती. आम्ल जेलमध्ये किंवा काचतंतूंच्या पातळ गादीत शोषून ठेवलेलं, पाणी घालायची गरज नाही, आडवी ठेवली तरी सांडत नाही. सोय मोठी होती आणि ती नाकारण्याचं कारण नाही. पण झाकणाबरोबर हायड्रोमीटरची वाटही बंद झाली, आणि हातात ठेवायच्या संगणकाला लागणारी बॅटरी याच बंद घराण्यातली होती.

सुरुवातीच्या सुवाह्य संगणकांमध्ये बॅटरीबद्दल काहीच ठरलेलं नव्हतं. १९८२ च्या ग्रिड कंपासला बॅटरी नव्हतीच, तो भिंतीच्या विजेवर चाले. एप्सनच्या एचएक्स-२० मध्ये निकेल-कॅडमियमचे सेल होते. १९८३ चा टँडी मॉडेल १०० तर टॉर्चमध्ये घालतात तसल्या चार ‘एए’ सेलवर चाले. त्याच्या बॅटरीचं निदान करायची गरजच नव्हती. सेल संपले की कोपऱ्यावरच्या दुकानातून नवे आणायचे. १९८९ चा मॅकिंटॉश पोर्टेबल बरोबर उलट टोकाला होता. सुमारे सात किलो वजनाचं हे यंत्र, त्यात बंद शिसे-आम्ल बॅटरी, आणि विजेची वाट बॅटरीतूनच जाणारी. बॅटरी पुरती मेली की अडॅप्टर जोडूनही यंत्र सुरू होत नसे. इथे पहिल्यांदा बॅटरीचा आजार हा यंत्राचा आजार म्हणून दिसू लागला. यंत्र बिघडलं की बॅटरी, हे मालकाने कशावरून ठरवायचं? आम्ल दिसत नाही, सेल सुटे काढता येत नाहीत. निकेल-कॅडमियमची अडचण आणखी वेगळी होती. तिचं व्होल्टेज उतरण्याच्या बहुतांश काळात १.२ च्या आसपास सपाट राहतं, त्यामुळे व्होल्टमीटर लावूनही मधली अवस्था कळत नाही. त्यात ‘मेमरी’ची भर पडली. दर वेळी एकाच खोलीपर्यंत वापरलेला सेल त्या टप्प्यावर व्होल्टेज टाकू लागतो, हे आधी उपग्रहांसारख्या काटेकोर चक्रांत वापरलेल्या सेलमध्ये दिसलं होतं. त्यावरून ‘बॅटरी पूर्ण उतरवा, मगच चार्ज करा’ हा नियम घरोघरी गेला. निकेल-कॅडमियमपुरता त्याला अर्थ होता. ते रसायन गेलं तरी नियम उरला आणि लिथियमच्या बॅटऱ्यांचं त्याने नुकसानच केलं. मोजमाप हातातून गेलं की त्याच्या जागी अशा समजुती येऊन बसतात.

लिथियम-आयनचा इतिहास २०१९ च्या नोबेलमुळे बऱ्याच वाचकांना माहीत आहे. स्टॅन्ली व्हिटिंगहॅम यांचं १९७० च्या दशकातलं काम, जॉन गुडइनफ यांनी १९८० मध्ये ऑक्सफर्डला सुचवलेला कोबाल्ट ऑक्साइडचा धनाग्र, आकिरा योशिनो यांनी १९८५ मध्ये कार्बनचा ऋणाग्र वापरून केलेला सुरक्षित सेल, आणि १९९१ मध्ये सोनीने बाजारात आणलेली पहिली बॅटरी. या सेलचं म्हातारपण समजून घेतल्याशिवाय निदानाचा पुढचा भाग कळणार नाही. ऋणाग्राच्या पृष्ठभागावर पहिल्याच चार्जिंगला इलेक्ट्रोलाइट विघटित होऊन एक अतिपातळ थर बसतो. हा थर हवाच असतो. तो नसता तर सेल स्वतःलाच खात सुटला असता. पण तो वर्षानुवर्षं जाड होत जातो आणि जाड होताना थोडं थोडं लिथियम कायमचं गिळतो. त्यामुळे दोन गोष्टी एकदम घडतात: ये-जा करायला कमी लिथियम उरतं म्हणून क्षमता घटते, आणि वाट अरुंद होते म्हणून अंतर्गत रोध वाढतो. उष्णता आणि भरलेलं पोट, म्हणजे सेलचं ४.२ व्होल्टच्या आसपास राहणं, या दोन्हींमुळे हे लवकर होतं. म्हणून दिवसरात्र चार्जरला लावून गरम टेबलावर ठेवलेला लॅपटॉप भरण्या-उतरण्याची फारशी चक्रं न मोजताही बॅटरी गमावतो. चक्रांची संख्या हा आजाराचा एकच साक्षीदार आहे, आणि तो अर्धीच गोष्ट सांगतो. लिथियमच्या सेलमध्ये घनता घ्यायला आम्ल नाही आणि ते उघडणं धोक्याचं आहे. तेव्हा आत बसून हिशेब ठेवणारं कुणीतरी हवंच होतं. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

तो हिशेबनीस १९९० च्या दशकाच्या मध्यावर आला. ड्युरासेल आणि इंटेल यांनी पुढाकार घेऊन ‘स्मार्ट बॅटरी’ची रूपरेषा तयार केली, तिची पहिली आवृत्ती १९९५ ची. संगणक, चार्जर आणि बॅटरी यांनी दोन तारांवरून एकमेकांशी बोलायचं आणि बॅटरीतल्या चिपने विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं द्यायची, ही त्यामागची कल्पना. चिप एका अतिशय लहान रोधावर पडणारं व्होल्टेज मोजते, त्यावरून किती प्रवाह आत गेला आणि किती बाहेर आला याची बेरीज-वजाबाकी चालू ठेवते. ही रूपरेषा वाचताना आजही तिच्या प्रामाणिकपणाचं कौतुक वाटतं. बॅटरीने आपली मूळ क्षमता सांगावी, आजची पूर्ण क्षमता सांगावी, किती चक्रं झाली ते सांगावं, जन्मतारीख सांगावी. तारखेसाठी तर सूत्रच दिलेलं आहे: सनातून १९८० वजा करून ५१२ ने गुणायचं, त्यात महिना गुणिले ३२ आणि दिवस मिळवायचा. टक्के दोन तऱ्हेचे: एक आजच्या क्षमतेशी सापेक्ष, दुसरा मूळ क्षमतेशी ताडलेला. आणि सगळ्यात मोलाची नोंद म्हणजे ‘कमाल चूक’. आपण देत असलेल्या टक्क्यात किती टक्क्यांची चूक असू शकते, हेही बॅटरीने स्वतःहून सांगायचं. आपल्याला नीट उतरवून-भरवून हिशेब जुळवायची गरज आहे, असं कळवणारी खूणसुद्धा त्यात होती. लॅपटॉपच्या पडद्यावर मात्र यातला सापेक्ष टक्का तेवढा आला. मूळ क्षमतेशी ताडलेला टक्का, चूक, जन्मतारीख, हे सगळं बॅटरी सांगत राहिली आणि मालकापर्यंत पोचलं नाही. ड्युरासेलला ठरावीक आकाराच्या, कुठल्याही दुकानात मिळणाऱ्या लॅपटॉप-बॅटऱ्याही हव्या होत्या. डीआर-३६ सारखे नमुने काही काळ चालले, पण प्रत्येक कंपनीला आपल्या यंत्राच्या अंगाबरोबर बसणारी बॅटरी हवी होती. ती कल्पना विरून गेली.

आकडे आत असले तरी बाहेर काढायची वाट पूर्ण बुजलेली नव्हती. १९९६ च्या डिसेंबरात इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी आणलेल्या ‘एसीपीआय’ या मानकात मूळ क्षमता आणि शेवटच्या पूर्ण चार्जची क्षमता हे दोन्ही आकडे ऑपरेटिंग सिस्टीमला मिळण्याची तरतूद होती. सामान्य माणसाला ते सहज वाचता यायला पुढे बरीच वर्षं गेली. विंडोज ८ पासून कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘पॉवरसीएफजी’ लिहून पुढे एक जागा सोडून ‘/बॅटरीरिपोर्ट’ दिलं, अर्थात इंग्रजी अक्षरांत, की एक अहवाल तयार होतो. मॅकमध्ये सिस्टीम इन्फर्मेशनच्या पॉवर विभागात चक्रांची संख्या आणि प्रकृती दिसते. लिनक्समध्ये हेच आकडे साध्या फाइलींमध्ये असतात. विंडोजच्या अहवालात बघायच्या ओळी दोनच. समजा डिझाइन कपॅसिटी ५०,००० मिलिवॅट-तास आहे आणि फुल चार्ज कपॅसिटी ३४,०००. म्हणजे ६८ टक्के क्षमता उरली. त्याच अहवालात खाली क्षमतेचा आठवड्या-आठवड्याचा इतिहास असतो, आणि माझ्या मते तो त्या एका आकड्यापेक्षा महत्त्वाचा. वर्षभरात ७४ वरून ६८ वर सावकाश आलेली बॅटरी म्हातारी आहे. दोन महिन्यांत ९० वरून ६८ वर आदळलेली बॅटरी आजारी आहे; बहुधा ओळीतला एखादा सेल मागे पडलेला आहे, आणि साखळीत जोडलेल्या सेलमध्ये सगळ्यांत दुबळा सेलच थांबायची वेळ ठरवतो.

यावर जाणकारांचा एक आक्षेप असतो आणि तो वजनदार आहे. चिपचे आकडे म्हणजे अंदाज. वर्षभर अडॅप्टरला लावलेल्या लॅपटॉपची बॅटरी कधी पुरती उतरतच नाही, मग चिपला आपला हिशेब ताडून बघायला संधी मिळत नाही आणि फुल चार्ज कपॅसिटी भलतीच दाखवली जाते. असे आकडे लोकांसमोर ठेवून त्यांना घाबरवायचं कशाला? अंदाज चुकतो हे खरं आहे. पण चुकणारा अंदाज रोज दाखवलाच जातो; कोपऱ्यातला टक्का त्याच चिपचा, त्याच हिशेबातून आलेला असतो. चूक असू शकते म्हणून आकडा लपवायचा असेल तर आधी तो टक्का लपवायला हवा. उलट चुकीची मर्यादा आकड्यासोबत सांगणं हा खरा इलाज आहे आणि रूपरेषा आखणाऱ्यांनी तो १९९५ मध्येच लिहून ठेवला होता. हिशेब ताळ्यावर आणणंही अवघड नाही. बॅटरी पूर्ण भरून तासदोन तास तशीच ठेवायची, मग यंत्र आपणहून बंद होईपर्यंत वापरायची आणि पुन्हा मध्ये न थांबता पूर्ण भरायची. हे काही महिन्यांतून एकदा, आकड्याबद्दल शंका आली तेव्हा करायचं. रोज केलं तर निकेल-कॅडमियमच्या काळातली चूक पुन्हा होईल.

या आकड्यांत न दिसणारा आजारही असतो, तो म्हणजे वाढलेला अंतर्गत रोध. अहवाल ८० टक्के क्षमता सांगतो आणि लॅपटॉप ३० टक्क्यांवर फट्कन बंद पडतो, ही तक्रार नेहमीची आहे. तिचं गणित मांडून बघण्यासारखं आहे. समजा ओळीने तीन सेल असलेला संच आहे आणि ३० टक्क्यांवर त्याचं व्होल्टेज १०.९ आहे. व्हिडिओ संपादनासारख्या कामाला यंत्र ४५ वॅट ओढतंय, म्हणजे सुमारे ४ अँपिअर. नव्या संचाचा रोध ०.१५ ओहम धरला तर व्होल्टेज ०.६ ने पडून १०.३ राहील, काही बिघडत नाही. रोध ०.४५ झाला असेल तर १.८ ने पडून ते ९.१ वर येईल. इथेच थांबत नाही, कारण व्होल्टेज पडलं की तेवढेच वॅट पुरवायला प्रवाह आणखी वाढतो, मग व्होल्टेज आणखी पडतं, आणि सेलमागे ३ व्होल्ट म्हणजे एकूण ९ ची मर्यादा ओलांडली की चिप वीज तोडते. विजेचा साठा होता, पण तो एवढ्या वेगाने बाहेर येऊ शकत नव्हता. ही शंका ताडून बघायला उपकरण लागत नाही. हलक्या कामावर, पडद्याचा उजेड कमी करून तीच बॅटरी पाच-सात टक्क्यांपर्यंत उतरत असेल तर रोध वाढलेला आहे. हलक्या कामावरही ती तिशीतच मरत असेल तर हिशेब चुकलाय किंवा एक सेल बसलाय. हिशेब जुळवूनही फरक पडला नाही तर सेलच.

आता ८० टक्क्यांचा प्रश्न. लॅपटॉप कंपन्या बॅटरीचं आयुष्य ‘इतक्या चक्रांनंतर ८० टक्के’ अशा भाषेत सांगतात. बॅटरी बंद केलेला १७ इंची मॅकबुक प्रो २००९ मध्ये आला तेव्हा १,००० चक्रांचा दावा याच भाषेत केलेला होता. हळूहळू कंपनीने दिलेल्या खात्रीची ही सीमा लोकांच्या मनात बॅटरीच्या मरणाची सीमा झाली. उपकेंद्राच्या संचाला ८० ही रेघ शोभते, कारण तिथे एकदाही कमी पडून चालत नाही आणि त्या रसायनाची घसरण त्यानंतर वेगाने होते. लॅपटॉपच्या लिथियम सेलची घसरण बहुतेकदा ८० नंतरही बराच काळ संथच राहते. एखादा सेल पुढे कड्यावरून कोसळावा तसा कोसळतो, हे खरं. पण तो नेमक्या ८० ला कोसळतो असं नाही, आणि म्हणूनच आकड्यापेक्षा त्याच्या घसरणीचा वेग पाहायला हवा. ५० वॅट-तासांची बॅटरी आणि सरासरी १० वॅटचं काम धरलं तर नवी असताना पाच तास मिळतात, ६० टक्क्यांवर तीन. कचेरीत दिवसभर प्लगला जोडून बसणाऱ्याला तीन तास पुष्कळ झाले; त्याने बॅटरी बदलणं म्हणजे खनिजं आणि पैसा दोन्ही वाया घालवणं. गावोगाव फिरून सर्वेक्षण करणाऱ्याला, किंवा वीज दोन तास टिकेल याचा भरवसा नसलेल्या ठिकाणी ऑनलाइन परीक्षा देणाऱ्या मुलीला, ७५ टक्केही कमी पडू शकतात. बदलायची वेळ रसायनशास्त्र एकटं ठरवू शकत नाही. आपल्याला किती तास हवेत हा आकडा मालकाकडेच असतो आणि दुसरा आकडा बॅटरीकडे. दोन्ही शेजारी ठेवल्याशिवाय निर्णय होत नाही.

एका लक्षणाला मात्र हा हिशेब लागू नाही. सेलमध्ये वायू तयार होऊन बॅटरी फुगली, टचपॅड वर आलं, झाकण नीट मिटेना, की टक्का कितीही असो, वापर त्याच दिवशी थांबवायचा. चार्जर काढायचा, बॅटरी दाबायची नाही, टोचायची नाही आणि ती जाणकाराकडून काढून घ्यायची. इथे बंद बॅटरीच्या बाजूचा युक्तिवाद पुढे येतो: लिथियम धोक्याचं आहे, म्हणून ते सामान्य माणसाच्या हाती देऊ नये. धोका खराच आहे. २००६ मध्ये सोनीच्या सेलमध्ये शिरलेल्या धातूच्या सूक्ष्म कणांमुळे आतल्या आत शॉर्ट होऊन लॅपटॉप पेटले. एकट्या डेलने ४१ लाख बॅटऱ्या परत मागवल्या, अ‍ॅपलने १८ लाख. पण ती घटना कशी निस्तरली गेली तेही पाहावं. बॅटरी सुटी निघत होती म्हणून लोकांनी तळाचा क्रमांक वाचला, यादीशी ताडला, बॅटरी काढून ठेवली आणि बदली बॅटरी टपालाने मागवली. लॅपटॉप अडॅप्टरवर चालू राहिला. बंद बॅटरीमुळे जागा वाचते, सेल मोठे बसतात, यंत्र पातळ होतं आणि चक्रं वाढतात, हे मला मान्य आहे. पण २०१२ च्या रेटिना मॅकबुक प्रोमध्ये बॅटरी गोंदाने चिकटवलेली होती, आणि फुगलेला सेल गोंदातून पात्याने सोडवण्याइतकं धोक्याचं काम सुट्या बॅटरीत कधीच नव्हतं.

हिशेबनीस चिपची बाजू कोणाची, हा प्रश्नही याच काळात उघडा पडला. सुरक्षा-संशोधक चार्ली मिलर यांनी २०११ मध्ये दाखवलं की अ‍ॅपलच्या लॅपटॉपमधल्या बॅटरी-चिप त्यांच्या निर्मात्याने ठेवलेल्या मूळ पासवर्डवरच चालत होत्या आणि तो पासवर्ड जाहीर कागदपत्रांतून शोधता येत होता. कुणीही शिरून हिशेब बदलू शकेल अशी ही अवस्था होती. मालकाला मात्र त्याची कल्पना नव्हती. २०१२ च्या पिढीपासून थिंकपॅड लॅपटॉपचं बायोस, म्हणजे यंत्र सुरू करणारं आतलं सॉफ्टवेअर, कंपनीची नसलेली बॅटरी ओळखून ती चार्ज करायला नकार देऊ लागलं. आणि २०१७ च्या डिसेंबरात अ‍ॅपलने मान्य केलं की बॅटरी थकलेल्या काही आयफोनचा वेग सॉफ्टवेअर कमी करत होतं. रोध वाढलेला सेल अचानक वीज तोडू नये म्हणून वेग कमी करणं, हा वर मांडलेल्या गणिताला धरून असलेला, तांत्रिकदृष्ट्या योग्य उपाय होता. चूक होती ती न सांगण्यात. फोन जुना झाला असं समजून लोक नवा घेत होते, तेव्हा दुखणं फक्त बॅटरीचं होतं. ओरड झाल्यावर कंपनीने बॅटरी बदलण्याचा दर ७९ डॉलरवरून २९ वर आणला आणि मार्च २०१८ च्या आयओएस ११.३ पासून कमाल क्षमतेचा टक्का सेटिंग्जमध्ये दाखवला. मूळ क्षमतेशी ताडलेला हा टक्का त्याआधीही काढता येत होताच.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत बॅटरी बदलायला जाणाऱ्याला या इतिहासाची झळ वेगळ्या रूपात लागते. ‘ओरिजिनल’, ‘कंपॅटिबल’ आणि नुसतेच सेल बदलून दिलेला जुना डबा, असे तीन भाव सांगितले जातात. सेल बदललेल्या डब्यात अडचण अशी की वीज तुटताच काही चिप स्वतःला कायमचं कुलूप लावून घेतात किंवा जुन्याच क्षमतेचा हिशेब धरून बसतात. कंपॅटिबल बॅटरीच्या चिपमध्ये क्षमता आणि शून्य चक्रं कुणीही लिहू शकतो, त्यामुळे अहवालातला १०० टक्के हा तिथे पुरावा ठरत नाही. बंद पडलेल्या मॉडेलची ‘ओरिजिनल’ बॅटरी गोदामात वर्षानुवर्षं उतरलेल्या अवस्थेत पडून असेल तर तिचं म्हातारपण वापराआधीच सुरू झालेलं असतं. तिथे जन्मतारखेची नोंद वाचण्यासारखी. या सगळ्यावर उतारा एक्स्चेंजच्या बॅटरीघरातलाच आहे. यंत्र बंद ठेवून रिकामी बॅटरी भरायची आणि भिंतीच्या सॉकेटला वीज मोजणारा प्लग लावून किती वॅट-तास आत गेले ते बघायचं. अडॅप्टरमध्ये आणि चार्जिंगमध्ये काही वीज उष्णतेत जाते, म्हणून भिंतीवरचा आकडा लेबलपेक्षा थोडा जास्तच यायला हवा. ४८ वॅट-तास छापलेल्या बॅटरीने भिंतीतून जेमतेम ३५ घेतले तर लेबल खोटं आहे. ही पावती बॅटरीच्या चिपवर अवलंबून नाही, आणि गिऱ्हाइकाच्या समोर घेता येते.

कायदा या दिशेने उशिरा का होईना सरकतो आहे. भारतात २००१ चे बॅटरीविषयक नियम शिसे-आम्लापुरते होते. ऑगस्ट २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी लिथियमसह सगळ्या प्रकारांना कवेत घेतलं आणि जुनी बॅटरी परत घेऊन तिच्यातले धातू काढण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली. त्यांचा भर बॅटरी मेल्यानंतर काय करायचं यावर आहे. युरोपीय संघाचा २०२३ चा बॅटरी कायदा आधीच्या टप्प्यातही शिरतो. १८ फेब्रुवारी २०२७ पासून बाजारात येणाऱ्या उपकरणातली बॅटरी वापरणाऱ्याला सहज मिळणाऱ्या अवजारांनी काढता आली पाहिजे, त्या मॉडेलचा शेवटचा नग विकायला आल्यापासून निदान पाच वर्षं सुटी बॅटरी वाजवी दरात मिळाली पाहिजे, आणि बॅटरी बदलण्यात सॉफ्टवेअरने आडकाठी करता कामा नये. शेवटची अट थेट त्या बायोसच्या नकारासाठीच लिहिल्यासारखी आहे. त्याच कायद्याचं चौदावं कलम बॅटरीच्या तब्येतीचे आकडे आतल्या नियंत्रकात ताजे ठेवायला आणि मालकाला वाचायला खुले करायला सांगतं. उरलेली क्षमता, वाढलेला रोध, झालेली झीज, जे जे निदानाला लागतं ते त्यात येतं. पण हे कलम विजेच्या मोटारी, ई-सायकल-स्कूटरसारखी हलकी वाहनं आणि वीज साठवणारे स्थिर संच यांच्यासाठी आहे. लॅपटॉपच्या बॅटऱ्या सुवाह्य वर्गात मोडतात, म्हणून त्यातून वगळल्या गेल्या. बॅटरीने हे आकडे सांगावेत, असं १९९५ मध्ये सर्वांत आधी ज्या यंत्रासाठी लिहिलं गेलं, ते हेच.